भट्टीत एकजीव होणारी काच

कटरच्या बारीक चाकाने काचेवर एकच ओरखडा ओढला जातो आणि दोन्ही बाजूंनी हलका दाब देताच ती त्या रेषेवर तुटते. असे रंगीत तुकडे एकमेकांवर रचून, फुंकणीशिवाय, केवळ भट्टीच्या उष्णतेने जोडणे म्हणजे फ्यूज्ड ग्लासची कला.

तुकडे निवडताना रंगाच्याही आधी पाहायचा असतो तो काचेचा प्रसरणांक. तापल्यावर काच किंचित पसरते आणि निवताना आकसते. दोन काचांचे हे प्रमाण जुळत नसेल, तर त्या भट्टीत सुरेख मिसळतात खऱ्या, पण निवल्यावर एकमेकींना ओढत राहतात आणि कधी लगेच, तर कधी काही आठवड्यांनी जोडावर तडकतात. म्हणून या कामाची काच प्रामुख्याने ९० किंवा ९६ प्रसरणांकाची म्हणून मिळते आणि या दोहोंची सरमिसळ टाळावी लागते.

रंगांचे रसायनही लक्षात घ्यावे लागते. गंधकयुक्त पिवळी काच तांबे असलेल्या निळसर-हिरव्या काचेला टेकली, की त्यांच्या सीमेवर गडद तपकिरी रेघ उमटू शकते. जाणकार कलावंत ती मुद्दाम घडवून आणतात आणि ब्रशने काढलेल्या कोणत्याही रेघेपेक्षा ती अधिक जिवंत दिसते.

वितळलेली काच चिकटू नये म्हणून भट्टीतील फळीला ॲल्युमिना (ॲल्युमिनियमचे ऑक्साइड) आणि केओलिन (पांढरी चिनी माती) यांचा लेप दिलेला असतो. सुमारे ५४० अंश सेल्सिअसपर्यंत तापमान सावकाश वाढवावे लागते, कारण तोवर काच कडकच असते आणि घाई केल्यास फुटते. ६५० अंशांच्या आसपास थोडा वेळ थांबल्यास थरांमधली हवा निघून जाते. ७५० अंशांजवळ तुकडे जोडले जातात, कडा गोलावतात, पण उठाव टिकतो. ८०० अंशांच्या आसपास सारे एकसंध सपाट होते. या उष्णतेला काच साधारण ६ मिलिमीटर जाडीकडे झुकते. त्यामुळे ३ मिलिमीटरचा एकच थर कडांकडून आत आकसतो, दोन थर आकार राखतात आणि त्याहून जास्त थर बाहेर पसरतात.

मात्र खरी कसोटी लागते ती काच निववताना. तिच्या प्रकारानुसार साधारण ४८० ते ५१० अंशांवर ती बराच वेळ स्थिर ठेवतात, जेणेकरून आतला आणि बाहेरचा भाग एकाच तापमानाला येऊन ताण विरून जावा. यालाच अनीलिंग म्हणतात. त्यानंतरही तापमान हळूहळूच उतरवायचे असते. जाडी दुप्पट झाली, तर निववण्याचा वेळ दुपटीहून कितीतरी अधिक लागतो, आणि तोवर भट्टीचे झाकण उघडण्याचा मोह आवरावाच लागतो.

पारदर्शक काचेतील ताण तपासायचा असेल, तर ध्रुवीकारक, म्हणजे एकाच दिशेत कंप पावणारा प्रकाश पुढे जाऊ देणाऱ्या, दोन पट्ट्या त्यांच्या दिशा काटकोनात येतील अशा समोरासमोर धरून त्यांच्यामध्ये ती ठेवतात आणि मागून प्रकाश सोडतात. जोडाभोवती उजळ कडे दिसले, तर आत ताण उरलेला आहे. ताण अपुऱ्या अनीलिंगमुळे असेल, तर तो तुकडा पुन्हा भट्टीत घालून सावकाश निववता येतो. काचाच न जुळणाऱ्या असतील, तर मात्र तो कितीही वेळा तापवला तरी सुधारत नाही.