एडविन जॅक्सनचे चौदा संघ

मंडळी, खेळाडूंवरच्या व्याख्यानाला माणसं येतात ती तेंडुलकर, फेडरर, मेस्सी अशी नावं ऐकून. आज मी ज्याच्याविषयी बोलणार आहे त्याच्या नावावर १०७ विजय आहेत आणि १३३ पराभव. त्याचं नाव एडविन जॅक्सन. अमेरिकी बेसबॉलमधला पिचर, म्हणजे चेंडू टाकणारा; तिथे सामन्याचा जय-पराजय पिचरच्या नावावर मांडतात. २००३ ते २०१९ अशी सतरा वर्षं तो मेजर लीगमध्ये, म्हणजे तिथल्या सर्वांत वरच्या लीगमध्ये टिकला आणि तेवढ्यात चौदा संघांकडून खेळला. मेजर लीगमध्ये एकूण संघच तीस आहेत.

आपल्याकडे आयपीएलमध्ये ॲरन फिंच नऊ संघांकडून खेळला तेव्हा त्याच्यावर विनोद झाले होते. पालघरच्या शार्दूल ठाकूरचीही जर्सी किती वेळा बदलली, हे इथल्या मुलांना तोंडपाठ असेल. पण आयपीएलमध्ये दोन संघांना खेळाडूची अदलाबदल करायची तर त्या खेळाडूची संमती लागते. अमेरिकेत तशी पद्धत नाही. तिथे संध्याकाळी फोन येतो आणि दुसऱ्या दिवशी माणूस दोन हजार किलोमीटरवरच्या गावात असतो. त्या नियमाकडे मी नंतर येतो, कारण जॅक्सनच्या बाबतीत त्यात एक गंमत आहे.

आधी सरळ प्रश्न. जिंकण्यापेक्षा जास्त वेळा हरणाऱ्या माणसाला चौदा ठिकाणी नोकरी मिळते कशी?

हिशेब करून बघा. मेजर लीगचा एक संघ साधारण सहा महिन्यांत १६२ सामने खेळतो. सामना नऊ इनिंगचा. म्हणजे हंगामाला चौदाशेच्या वर इनिंग कुणीतरी टाकायच्या असतात. सामन्याची सुरुवात करणारा पिचर शंभराच्या आसपास चेंडू टाकतो आणि मग चार दिवस विश्रांती घेतो. म्हणून प्रत्येक संघाला असे पाच जण लागतात, आणि वर्षभर पाचही जण धडधाकट राहिले असं जवळपास कधीच होत नाही. ताशी १५० किलोमीटरच्या वेगाने चेंडू फेकणं हे मानवी कोपराला मानवणारं काम नाही. आतला अस्थिबंध फाटतो, शस्त्रक्रिया होते, वर्ष-दीड वर्ष जातं. आता ऑगस्ट महिन्यातल्या एखाद्या संघाचा विचार करा. दोन पिचर जायबंदी, तिसऱ्याचा खांदा दुखतोय, आणि सामने तर रोज आहेत. गणपतीच्या जादा गाड्या सोडायच्या दिवशी एसटीच्या डेपो मॅनेजरला चालू गाडीची जी किंमत कळते, ती इथे दर पाचव्या दिवशी उभ्या राहणाऱ्या पिचरची असते.

जॅक्सन उभा राहायचा. २००७ ते २०१३ अशी सलग सात वर्षं त्याने दर हंगामात तीसहून जास्त सामन्यांची सुरुवात केली. हे सोपं नाही. त्याच्यापेक्षा कितीतरी गुणवान पिचर त्या सात वर्षांत दोन-दोनदा शस्त्रक्रियेच्या टेबलावर जाऊन आले.

दुसरं कारण होतं त्याचा वेग. चेंडू ताशी १५५ किलोमीटरपर्यंत जायचा आणि जोडीला चांगला स्लायडर, म्हणजे शेवटच्या क्षणी आडवा वळणारा चेंडू. फक्त तो कुठे जाईल याचा नेम नव्हता. आता गंमत बघा, वेग शिकवता येत नाही, पण नेम शिकवता येतो, असं प्रत्येक प्रशिक्षकाला वाटतं. त्यामुळे त्याला घेणारा प्रत्येक संघ मनातल्या मनात म्हणत असणार, आधीच्यांना जमलं नाही, आम्ही याला वळण लावू. चौदा संघांचा खुलासा मला तरी बराचसा या आशेत सापडतो.

सुरुवात मात्र अशी होती की हा माणूस पुढे गावोगाव फिरेल असं कुणाला वाटलं नसतं. जन्म ९ सप्टेंबर १९८३, पश्चिम जर्मनीतल्या नॉय-उल्म गावचा, कारण वडील अमेरिकी लष्करात होते. वाढला जॉर्जिया राज्यातल्या कोलंबसमध्ये. २००१ साली लॉस एंजेलिस डॉजर्सनी त्याला निवडलं. पहिला सामना त्याला मिळाला तो बरोबर विसाव्या वाढदिवशी, ९ सप्टेंबर २००३ ला, ॲरिझोनामध्ये. समोर होता रँडी जॉन्सन. सहा फूट दहा इंच उंचीचा, त्या पिढीतला सर्वांत धाक असलेला डावखुरा पिचर, आणि त्याचा चाळिसावा वाढदिवस दुसऱ्याच दिवशी होता. पोरगा जिंकला, ४-१. दुसऱ्या दिवशीच्या वर्तमानपत्रांनी काय लिहिलं असेल ते मी सांगायला नको.

त्यानंतर दोन वर्षं काही जमेना. २००६ च्या जानेवारीत डॉजर्सनी त्याला टँपा बेकडे पाठवून दिलं. टँपा बे तेव्हा लीगमधला सर्वांत केविलवाणा संघ होता. २००७ मध्ये जॅक्सनने पाच सामने जिंकले आणि पंधरा हरले. तरी संघाने त्याला पाचव्या दिवशी उभं करणं सोडलं नाही, कारण दुसरं होतं कोण? पुढच्या वर्षी त्याने चौदा जिंकले, आणि तोच केविलवाणा संघ थेट वर्ल्ड सिरीजमध्ये, म्हणजे अंतिम मालिकेत पोचला. हरले, पण पोचले. आणि डिसेंबरमध्ये जॅक्सन डेट्रॉइटला रवाना.

आता तुम्ही म्हणाल, चांगला खेळला तर काढला का? इथे थोडं अर्थशास्त्र समजून घ्यावं लागतं. मेजर लीगमध्ये पहिली सहा वर्षं खेळाडू संघाच्या ताब्यात असतो. पहिली तीन वर्षं साधारण किमान पगार, नंतरची तीन वर्षं लवादाने ठरवलेला, दरवर्षी चढत जाणारा पगार. सहा वर्षं भरली की तो मोकळा, मग कुणाशीही करार करावा. म्हणजे तो चांगला खेळत गेला की महाग होत जातो, आणि मोकळं व्हायची तारीखही जवळ येते. गरीब संघ काय करतो? त्याचा भाव आहे तोवर विकतो आणि बदल्यात ताबा जास्त वर्षांचा असलेली तरुण पोरं घेतो. २००८ ते २०११ या चार वर्षांतले जॅक्सनचे सगळे सौदे या एका गणितातून निघाले. डेट्रॉइटमध्ये २००९ ला तो ऑल-स्टार सामन्यासाठी निवडला गेला आणि त्याच डिसेंबरात पुन्हा विकला गेला.

त्या सौद्याची मला फार गंमत वाटते. तीन संघ, सात खेळाडू. जॅक्सन ॲरिझोनाला गेला आणि ॲरिझोनाचा एक पोरसवदा पिचर डेट्रॉइटला आला. त्याचं नाव मॅक्स शर्झर. पुढे शर्झरने वर्षातल्या सर्वोत्तम पिचरचा साय यंग पुरस्कार तीनदा जिंकला. सौदा झाला त्या दिवशी मात्र सिद्ध झालेला पिचर म्हणून जमेला धरला गेला तो जॅक्सन.

ॲरिझोनात तो आठ महिनेही राहिला नाही, पण त्याचं नाव ज्यामुळे पुस्तकात राहील ते तिथेच घडलं. २५ जून २०१०, फ्लोरिडातलं सेंट पीटर्सबर्ग, समोर त्याचाच जुना संघ टँपा बे. प्रतिस्पर्ध्याला संपूर्ण सामन्यात एकही हिट, म्हणजे फटका मारून बेस (धावेच्या वाटेवरचा थांबा) गाठणं, मिळू न देणं याला नो-हिटर म्हणतात. मोठमोठ्या पिचरना आयुष्यात एकदाही जमत नाही. जॅक्सनला जमलं, पण कसं, तर आठ जणांना वॉक देऊन! म्हणजे चार-चार चेंडू बाहेर टाकून आठ फलंदाजांना त्याने फुकटात बेसवर पाठवलं. त्यातले सात तर पहिल्या तीन इनिंगमध्येच. तिसऱ्या इनिंगमध्ये तिन्ही बेस भरले, तरी धाव निघाली नाही. जॅक्सनच्या संघाची एकमेव धाव ॲडम लारोशच्या होम रनची, म्हणजे आपल्याकडच्या षटकारासारख्या फटक्याची. १-० अशा सामन्यात श्वास घ्यायलाही जागा नसते. शंभर चेंडू झाले, एकशेवीस झाले, हा माणूस उतरायला तयार नाही आणि व्यवस्थापक ए. जे. हिंचला त्याला उतरवण्याचा धीर होत नाही. शेवटी १४९ चेंडूंवर सामना संपला. आजच्या काळात हा आकडा ऐकून संघाचा डॉक्टर राजीनामा देईल.

जाणकारांत या सामन्याची थोडी थट्टा होते. सर्वांत गबाळा नो-हिटर म्हणतात. मला ते पटत नाही. नेम लागत नसलेल्या दिवशी, भरलेल्या बेसवर, एका धावेच्या आधाराने तीन तास टिकणं हे नेम लागलेल्या दिवशीच्या सफाईपेक्षा अवघड आहे, असं माझं मत. असो. त्यानंतर सहाव्या दिवशी हिंचची नोकरी गेली. आणि जुलै संपण्यापूर्वी जॅक्सन शिकागो व्हाइट सॉक्सला विकला गेला. त्याच्या बदल्यात ॲरिझोनाने घेतलेला डॅनियल हडसन नावाचा पोरगा पुढे २०१९ मध्ये वॉशिंग्टनकडून वर्ल्ड सिरीजचा शेवटचा बळी घेणारा पिचर ठरला.

२७ जुलै २०११ ला तर कळस झाला. व्हाइट सॉक्सनी सकाळी त्याला टोरोंटोला विकलं आणि टोरोंटोने त्याच दिवशी सेंट लुई कार्डिनल्सला. काही तास तो टोरोंटोचा खेळाडू होता, कागदोपत्री. पण हा सौदा त्याला फळला. कार्डिनल्स ऑगस्टच्या अखेरीस शर्यतीतून बाद झाल्यासारखे होते, तिथून वर आले आणि ऑक्टोबरात टेक्सासला हरवून विश्वविजेते झाले. जॅक्सनने मालिकेतला चौथा सामना सुरू केला, तो हरला. सहावा सामना मात्र बेसबॉलच्या इतिहासातला सर्वांत थरारक सामन्यांपैकी एक. फलंदाजाचा एक चेंडू हुकला, म्हणजे आणखी एक स्ट्राइक पडला, की मालिका हरली, अशा ठिकाणी येऊन कार्डिनल्स दोनदा वाचले. त्याच्या धावफलकात दहाव्या इनिंगमध्ये फलंदाज म्हणून एडविन जॅक्सनचं नाव आहे. संघाकडे राखीव फलंदाजच उरले नव्हते, म्हणून पिचरला पाठवलं, आणि त्याने एकही चेंडू खेळण्याआधी व्यवस्थापकाने विचार बदलून त्याच्या जागी दुसरा पिचर, काइल लोश, फलंदाजीला पाठवला.

त्यानंतर तो मोकळा झाला. एक वर्ष वॉशिंग्टन, मग शिकागो कब्जने चार वर्षांचे ५ कोटी २० लाख डॉलर दिले. आयुष्यात पहिल्यांदाच बिऱ्हाड थाटावं असा करार, आणि तिथेच गाडी घसरली. २०१३ मध्ये १८ पराभव, २०१४ मध्ये १५. २०१५ च्या जुलैत कब्जने त्याला सोडून दिलं. बेसबॉलचा करार मात्र पक्का असतो, सोडलं तरी पैसे द्यावेच लागतात. त्यामुळे २०१६ मध्ये तो मायामी आणि सॅन डिएगोकडून किमान पगारावर खेळत होता, आणि बाकीचा मोठा वाटा कब्ज भरत होते. त्याच वर्षी कब्जनी १०८ वर्षांनी वर्ल्ड सिरीज जिंकली.

मधल्या दोन वर्षांचं फार सांगत नाही. अटलांटा, बाल्टिमोरमध्ये तीन सामने, पुन्हा वॉशिंग्टन. तिथे शर्झर होताच, म्हणजे आठ वर्षांपूर्वी एका सौद्यात अदलाबदल झालेले दोघे आता एका ड्रेसिंग रूममध्ये. शर्झर संघाचा राजा, आणि हा भरतीचा.

पण २०१८ बघा. ओकलंडचे सुरुवातीचे पिचर एकामागून एक जायबंदी झाले. जूनमध्ये त्यांनी जॅक्सनला बोलावलं, वय ३४, तेरावा संघ. त्याने १७ सामने सुरू केले, सहा जिंकले, तीन हरले, नऊ इनिंगमागे धावा ३.३३. त्याची कारकिर्दीची सरासरी ४.७८ आहे, त्यावरून समजा. ओकलंडने त्या हंगामात ९७ सामने जिंकले आणि बाद फेरीत जागा मिळवली.

आता त्या नियमाची गंमत. मेजर लीगमध्ये दहा वर्षं सेवा आणि त्यातली शेवटची पाच सलग एकाच संघात झाली असतील, तर त्या खेळाडूला त्याच्या मर्जीविरुद्ध विकता येत नाही. जॅक्सनची दहा वर्षं केव्हाच भरली होती. पण सलग पाच हंगाम एका संघात तो कधी राहिलाच नाही. वारंवार विकला गेल्यामुळे, विकलं न जाण्याचा हक्क त्याला मिळेना. खेळाडूंच्या कामगार संघटनेने हा नियम भांडून मिळवला, ठीक आहे, पण ज्याला त्याची सर्वांत जास्त गरज होती तो त्यात बसतच नव्हता.

मे २०१९ मध्ये ओकलंडने त्याला टोरोंटोला दिलं, काही रोख रकमेच्या बदल्यात. सॅन फ्रान्सिस्कोत तो टोरोंटोच्या जर्सीत उभा राहिला आणि ऑक्टाव्हिओ डोटेलचा तेरा संघांचा विक्रम मोडला. २०११ मध्ये ज्या संघात तो काही तास होता, त्याच संघाकडून. खेळ मात्र वाईट झाला, हे सांगितलं पाहिजे. नऊ इनिंगमागे अकरा धावा. जुलैत टोरोंटोनेही सोडला, तेव्हा डेट्रॉइटने पुन्हा घेतला, कारण हंगामाचे दोन महिने बाकी होते आणि कुणीतरी चेंडू टाकायला हवाच होता.

त्यानंतर मेजर लीग नाही. २०२१ मध्ये अमेरिकेच्या ऑलिंपिक संघात मात्र तो होता. मेजर लीगचे चालू खेळाडू टोकियोला जात नव्हते, म्हणून संघ बनला तो उगवत्या पोरांचा आणि मावळत्या म्हाताऱ्यांचा. टँपा बेमधला त्याचा जुना सोबती स्कॉट काझमिरही त्यात होता. अंतिम सामना जपानने २-० असा जिंकला, अमेरिकेला रौप्य. सप्टेंबर २०२२ मध्ये जॅक्सनने निवृत्ती जाहीर केली.

आणि चौदाचा विक्रम आता त्याच्या एकट्याचा नाही. रिच हिल नावाचा डावखुरा पिचर २०१५ मध्ये लाँग आयलंडच्या एका स्वतंत्र लीगमध्ये, मेजर लीगच्या पार बाहेर खेळत होता. तिथून तो परत आला आणि जुलै २०२५ मध्ये, वयाच्या ४५ व्या वर्षी, कॅन्सस सिटीकडून चौदाव्या संघाची टोपी घालून उतरला. दोन सामने खेळला आणि त्यांनी त्याला यादीतून काढलं.

प्रश्न असतील तर घेऊ. स्लायडर आपल्या लेग-कटरसारखा असतो का, असं मघाशी तिकडून कुणीतरी विचारत होतं, तिथूनच सुरुवात करू.