मानशीचं दार कोण लावणार?

(चौकट: नदीकाठचा बांध, मधोमध मानस. निवेदक बांधावर उभा.)

नमस्कार मंडळी. आजचा विषय नाव ऐकूनच जांभई यावी असा आहे: माणूस आणि निसर्ग यांच्या नात्याबद्दल तत्त्वज्ञ काय म्हणतात. म्हणून बांधावर आलोय. मागे दगडी चौकटीत लाकडी झडपा दिसतायत, ती मानस, म्हणजे बांधातलं पाण्याचं दार. या बाजूला गोव्यातल्या मांडवीचं खारं पाणी, त्या बाजूला खाजन, म्हणजे बांध घालून खाऱ्या पाण्यापासून राखलेली सखल शेतजमीन. आत्ता भरती आहे. नीट बघा, नदीची पातळी शेताच्या वर आहे. बांध नसता तर हे भात आता पाण्याखाली असतं.

(जवळून: झडप आणि चौकटीतली फट)

झडपेचं काम आधी समजून घेऊ, त्याशिवाय पुढचं सगळं हवेत जाईल. भरतीचं पाणी बाहेरून दाब देतं, झडप चौकटीवर घट्ट बसते. ओहोटीला नदी उतरते, आतलं पाणी उंच राहतं, ते झडप ढकलतं आणि निचरा होतो. दिवसातून दोनदा, दोन भरत्यांमध्ये साधारण १२ तास २५ मिनिटं. मोटर नाही, चाक नाही. समुद्रच दार लावतो आणि तोच उघडतो.

दाराच्या आत खोलगट तळं असतं, ती पोंय. तिथून चर निघतात. शेत चरांपेक्षा थोडं उंच. त्यामुळे मासळीसाठी खारं पाणी आत घेतलं तरी ते पोंयीत आणि चरात राहतं, शेतावर चढत नाही. अर्थात किती घ्यायचं याचं भान असेल तरच. पावसाळ्याच्या तोंडाला हिशेब बदलतो: खारं पाणी बंद, पावसाचं गोडं पाणी शेतात साठवायचं, मीठ विरघळलं की ओहोटीला सोडून द्यायचं, पुन्हा साठवायचं. वरच्या थरातला खार उतरला की मोड आलेलं कोरगुट पेरायचं. थोडा खारटपणा सोसणारं हे भात. खताच्या गोणीवर हे वेळापत्रक छापलेलं मिळत नाही.

आता तत्त्वज्ञांकडे वळू.

१६३७ साली फ्रेंच तत्त्वज्ञ देकार्तनं लिहिलं की निसर्गाच्या शक्ती नीट कळल्या तर माणूस निसर्गाचा जणू धनी होऊ शकेल. तो ‘जणू’ पुढच्यांनी सोयीनं गाळला. निसर्ग म्हणजे यंत्र, सुटे भाग कळले की चालवता येतं, ही दृष्टी तिथून जोर धरते. मानस हेही एका अर्थी यंत्रच की! पण हे यंत्र बांधणाऱ्यानं भरतीला थोपवायचा विचार केलेला नाही. तिच्याच दाबानं दार लावून घेतलंय. धनी अशी सवलत मागत नाही.

धनीपणाचा खरा नमुना बघायचा तर लिलाव बघा. मानशीतल्या मासळीचा हक्क लिलावात जातो. ओहोटीला बाहेर धावणाऱ्या पाण्यासमोर जाळं लावलं की मासळी आपोआप येते, आणि अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणाला जास्त येते. ज्यानं पैसे मोजलेत त्याला वाटतं, दार जास्त वेळ उघडं राहिलं तर मासळी जास्त. मग झडपेत लाकूड अडकवून ठेवलं जातं. पाणी चर सोडून शेतात चढतं. दारातून आत-बाहेर होणारं पाणी वेगानं धावतं आणि चौकटीच्या बुडाची माती खातं. पुढच्या पावसात कोरगुटसुद्धा जळतं. चूक हिशेबाची आहे: त्याचा करार ठरावीक मुदतीचा, बांधाचं आयुष्य पिढ्यांचं.

दुसरं टोक म्हणजे आर्ने नेस, नॉर्वेचा. १९७३ मध्ये त्यानं उथळ आणि सखोल असे पर्यावरणवादाचे दोन भाग केले. प्रदूषण कमी करा, कारण आपल्याला त्रास होतो, हा उथळ. प्रत्येक जीवाला स्वतःचं मोल आहे, माणसाला उपयोग असो वा नसो, हा सखोल. ऐकायला उदात्त. आता चला, त्याला कांदळवनासमोर उभा करू.

(कट: बांधाची नदीकडची बाजू, कांदळाची मुळं)

नदीकडचं हे कांदळ बांधाचा राखणदार आहे. मुळांच्या जाळ्यात लाटेचा जोर मोडतो, गाळ साठतो, बांधाचा पाया भरतो. हेच झाड आतल्या अंगाला, बांधाच्या पोटात रुजलं की मुळं माती सैल करतात आणि पाणी वाट काढतं. एकच झाड, एका बाजूला पहारेकरी, दुसऱ्या बाजूला घरफोड्या. बांधाला भगदाड पडलं आणि वेळेत बुजवलं नाही, तर खाजनात खारं पाणी ये-जा करू लागतं आणि काही वर्षांत आत कांदळाचं रान उभं राहतं. किनारी नियमांनी कांदळवनाला संरक्षण आहे. म्हणजे शेत परत मिळवायचं तर झाडं तोडावी लागतात, आणि ती तोडता येत नाहीत. नेसचा अनुयायी म्हणेल, निसर्गानं जागा परत घेतली, राहू द्या. शेतकरी म्हणेल, हे रान निसर्गाचं नव्हे, आमच्या दुर्लक्षाचं पीक आहे. आमच्या मते शेतकऱ्याचं म्हणणं जास्त नेमकं आहे, कारण आतली पोंय, कोरगुट, पाणथळीत उतरणारे बगळे हेही या जागेचे रहिवासीच आहेत आणि ते बांधाच्या भरवशावर जगतात.

इथे अल्डो लिओपोल्ड उपयोगी पडतो. अमेरिकन वनाधिकारी, १९४८ मध्ये गेला. त्याचा जमिनीच्या नीतीवरचा लेख पुढच्या वर्षी छापून आला. माती, पाणी, झाडं, जनावरं आणि आपण, सगळे एका समाजाचे सभासद, असं तो म्हणतो. माणूस जेता नव्हे, साधा सभासद. समाज म्हटला की वर्गणी आली, पाळी आली. खाजनात ती पाळी म्हणजे बांधावरची फेरी.

फेरीत काय बघायचं? खेकड्यांची बिळं. बीळ छोटं, पण भरतीला त्यातून पाण्याची धार सुटली की बारीक माती वाहून जाते, आणि प्रत्येक भरतीला भोक रुंदावतं. ओहोटीला बांधाच्या आतल्या अंगाला ओला डाग दिसला की समजा, वाट सापडलीय. तो खणून चिकणमातीनं ठासून भरायचा, नुसता वरून लिंपायचा नाही. वरून लिंपलं की पाणी खाली दुसरी वाट शोधतं. सगळ्यात सामान्य चूक हीच. दुसरी चूक, बांधाला सरसकट काँक्रीटचं कवच. आतली माती खचते, कवच तसंच राहतं, मध्ये पोकळी होते आणि बाहेरून काही कळत नाही. आत लोखंड असेल तर ते खाऱ्या पाण्यात गंजतं. मातीचा बांध कुठे दुखतंय ते दाखवतो तरी.

ही फेरी कोणी करायची? अमेरिकन जीवशास्त्रज्ञ गॅरेट हार्डिननं १९६८ मध्ये मांडलं की सामायिक कुरणावर प्रत्येक जण एक गुरं जास्त सोडतो आणि कुरण संपतं. उपाय दोनच, खाजगी मालकी किंवा सरकारी धाक. अमेरिकन राज्यशास्त्रज्ञ एलिनॉर ऑस्ट्रमनं जगभरची उदाहरणं जमवून दाखवलं की तिसरा मार्ग आहे: हद्द ठरलेली, नियम वापरणाऱ्यांनीच केलेले, देखरेख आपसात, चुकीला आधी छोटा दंड, मग मोठा. २००९ मध्ये तिला अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं. आपल्या गावकारीत, म्हणजे गावची जमीन सामायिक सांभाळणाऱ्या जुन्या संस्थेत, हे सगळं होतं. पोर्तुगीजांनी १५२६ च्या फोरालात, म्हणजे सनदेत, ज्या चालीरीती नोंदवल्या, त्या त्यांच्या आधीपासूनच्या. पण भाबडेपणा नको. गावकारीत मताचा हक्क गावकरांच्या पुरुष वंशजांना. बायकांना आणि बांधावर चिखल वाहणाऱ्यांना नव्हता. गोवा मुक्तीनंतर १९६४ चा कूळ कायदा आला, पुढे दुरुस्तीनं कुळं मालक झाली. न्यायाच्या दृष्टीनं योग्यच. पण जमिनीचा हक्क ज्या सहजतेनं हातात पडला, तितक्या सहजतेनं बांधाची पाळी पडली नाही. गावकारी म्हणते आता ते तुमचं, कुळं म्हणतात सरकारनं करावं, आणि दरम्यान खेकडा बीळ खणतोच आहे.

देवराईबद्दल दोनच वाक्यं, कारण तिच्यावर वेगळा भाग करू. सत्तरी तालुक्यातल्या निरंकाराच्या राईत वाळकी काटकीही घरी न्यायची नाही हा नियम आहे, आणि त्यामुळेच तिथली दलदलीतली रानजायफळाची झाडं, गुडघ्यासारखी मुळं वर काढून, अजून उभी आहेत. आपली सांतेर देवीही मुळात वारूळच. मातीच्या ढिगाला आई म्हणणाऱ्यांना ‘निसर्ग’ हा वेगळा शब्द फारसा लागलाच नसावा.

तुमच्या गावची मानस बघायला जायचं असेल तर भरतीचं वेळापत्रक बघून ओहोटीच्या शेवटच्या तासाला जा. भरती रोज साधारण ५० मिनिटं उशिरा येते, कालची वेळ धरून बसू नका. झडपेत लाकूड अडकवलंय का, चौकटीच्या बुडाशी खड्डा पडलाय का, आतल्या अंगाला ओल आहे का, हे तीन बघा. आणि दाराची जबाबदारी कोणाकडे आहे ते विचारा. तीन माणसांनी तीन नावं सांगितली तर खाली कमेंटमध्ये गावाचं नाव लिहा.

(कट: काही तासांनंतर, तीच चौकट. नदी उतरलेली. झडपेखालून गढूळ पाण्याची पहिली धार. आवाज तसाच चालू ठेवा.)