कोणता धुरा ओलांडला?

(हिंगणघाट तालुक्यातल्या एका गावच्या वाचनालयात दिलेल्या व्याख्यानाचं संपादित रूप)

मंडळी, इथं बसलेल्यांपैकी बऱ्याच जणांच्या घरी खातेफोड झालेली आहे. आजोबांच्या नावचं वावर तीन भावांत वाटलं गेलं, तीन सातबारे झाले. कागद बदलले. पण विहीर जागची हलली नाही आणि वावरात जायची पांदण तीच राहिली. क्लाउड म्हणजे दूरच्या कंपनीचे भाड्याने घेतलेले संगणक. त्याच्या बिलात अकाउंट म्हणजे हा सातबारा. पैसे कोणाच्या नावावर पडतील ते तो सांगतो. पैसे का पडले ते पांदणीवर जाऊनच बघावं लागतं, म्हणजे डेटा कोणत्या वाटेने गेला ते.

गावी बसून पुण्या-हैदराबादच्या कंपन्यांचं काम करणारी आपली पोरं मला नेहमी विचारतात, "दादा, सर्व्हरचं भाडं समजते, पण हे डेटा ट्रान्सफर म्हणून येते ते कशाचं?" मी रोज ॲमेझॉनच्या क्लाउडवर काम करतो, म्हणून उदाहरणं त्याचीच देतो. दर डॉलरमध्ये आहेत आणि आपल्याकडे वर १८ टक्के जीएसटी लागतो.

इंटरनेटवरून आत येणाऱ्या डेटाला पैसे नाहीत. बाहेर जाणाऱ्याला आहेत: महिन्याला पहिले १०० जीबी मोफत, पुढे मुंबईतून जीबीमागे सुमारे ११ सेंट. पाच अकाउंट काढून त्यांचं बिल एकत्र केलं तर पाचशे जीबी मोफत मिळत नाहीत. सगळ्यांचं मिळून शंभरच.

आता धुऱ्याकडे येऊ. दोन भावांच्या वावरांमधला धुरा म्हणजे दोन अकाउंटमधली हद्द. नवी पोरं याच धुऱ्याला भितात. पण नुसता हा धुरा ओलांडला म्हणून ट्रान्सफरचे पैसे लागत नाहीत. लागतात ते झोनच्या आणि रीजनच्या धुऱ्याचे. रीजन म्हणजे एका भागातली सर्व्हरची वस्ती, झोन म्हणजे त्या वस्तीतली वेगवेगळी डेटा सेंटरं. मुंबई हे एक रीजन, त्यात तीन झोन. एकाच झोनमधल्या दोन मशीन पीअरिंग करून (म्हणजे दोन नेटवर्क थेट जोडून) खाजगी, म्हणजे नेटवर्कच्या आतल्या पत्त्यावर बोलत असतील, तर अकाउंट वेगळे असले तरी मे २०२१ पासून ते मोफत आहे. झोन बदलला की पाठवणाऱ्याकडून जीबीमागे १ सेंट आणि घेणाऱ्याकडूनही १ सेंट. हजार जीबी गेले तर दहा डॉलर एका भावाच्या बिलात, दहा दुसऱ्याच्या. जो आपलंच बिल बघतो त्याला निम्माच खर्च दिसतो.

इथं मी स्वतः ठेच खाल्ली आहे. एका कंपनीत दोन अकाउंटमधल्या मशीन मी मुद्दाम "मुंबई ए" झोनमध्ये ठेवल्या, कारण फुकट बोलतील असा हिशेब होता. महिनाअखेर बिलात झोन ओलांडल्याची ओळ आली. दोन संध्याकाळी मी सेटिंगच उलटीपालटी केली. तिसऱ्या दिवशी दोन्ही अकाउंटचे झोन आयडी शेजारी शेजारी मांडले: एकाचा "ए" होता एझेड-१, दुसऱ्याचा "ए" होता एझेड-३. झोनच्या नावातलं अक्षर अकाउंटगणिक वेगळ्या जागेला लागू शकतं. आयडी मात्र सगळ्यांना सारखा. आपण "वरचं वावर" म्हणतो तेव्हा कोणाच्या घरून बघून वरचं, हे विचारावं लागतं. गट नंबर विचारला की वाद मिटतो. झोन आयडी म्हणजे गट नंबर.

रीजन बदलल्यावर हिशेब फिरतो. तिथं फक्त पाठवणाऱ्या बाजूला पैसे पडतात, आणि दरही पाठवणाऱ्या रीजनचा. व्हर्जिनियातून मुंबईला डेटा आणला तर जीबीमागे २ सेंट. तोच डेटा मुंबईतून व्हर्जिनियाला नेला तर साडेआठ सेंटांच्या वर. चौपटीहून जास्त! मागणी कोणी केली याला किंमत नाही. व्हर्जिनियातल्या अकाउंटने मुंबईतल्या मशीनवरून बॅकअप ओढून घेतला, तरी ओळ मुंबईच्या बिलात उमटते. मग मुंबईची टीम म्हणते, आम्ही तर काहीच केलं नाही. त्यांचं म्हणणं खरंही असतं.

मला सगळ्यात जास्त हळहळ वाटते ती नॅट गेटवेच्या पैशाची. नॅट गेटवे म्हणजे आतल्या मशीनला बाहेर इंटरनेटवर जायचं दार. मुंबईत तो नुसता उभा ठेवला तरी तासाला ५.६ सेंट, म्हणजे महिन्याला जवळपास ४१ डॉलर. शिवाय त्यातून जाणाऱ्या प्रत्येक जीबीला आणखी ५.६ सेंट. समजा एखादी शेतकरी कंपनी कपाशीच्या पानांचे फोटो महिन्याला चार हजार जीबी त्याच रीजनच्या एस-थ्री साठ्यात, म्हणजे ॲमेझॉनच्या फाइलींच्या कोठारात, ठेवते. मशीनपासून साठ्यापर्यंतच्या प्रवासाला भाडं नाही. पण वाट नॅटमधून गेली तर २२४ डॉलर जातात. एस-थ्रीसाठी गेटवे एंडपॉइंट नावाची सरळ वाट आहे, आणि ती फुकट आहे. रूट टेबलात, म्हणजे डेटाच्या वाटांच्या यादीत, एक नोंद करायची, बस. पाच मिनिटांचं काम कोणी सांगितलं नाही म्हणून शेतकऱ्याचा पैसा असा जावा, हे मला सहन होत नाही.

ट्रान्झिट गेटवेचं थोडक्यात सांगतो. तो अनेक नेटवर्क जोडणाऱ्या चौफुलीसारखा. जोडलेल्या प्रत्येक नेटवर्कला तासाचं भाडं, ते नेटवर्क ज्याचं त्याच्या नावावर. आणि जाणाऱ्या जीबीचे पैसे साधारणपणे पाठवणाऱ्याच्या नावावर. दोनच नेटवर्क जोडायची असतील तर चौफुली बांधू नका, पीअरिंग करा.

बिल वाचताना कॉस्ट एक्सप्लोररमध्ये (ॲमेझॉनच्या खर्च दाखवणाऱ्या पानावर) आधी "यूसेज टाइप" म्हणजे वापराच्या प्रकाराप्रमाणे गट पाडा, अकाउंटप्रमाणे नंतर. मुंबईच्या ओळी "एपीएस३" ने सुरू होतात. त्यात "रिजनल बाइट्स" दिसलं की लोक समजतात, दुसऱ्या रीजनला गेलेला डेटा. तसं नाही. ती रीजनच्या आतली, झोन ओलांडल्याची ओळ आहे. दुसऱ्या रीजनला गेलेल्या ओळीत दोन्ही रीजनची अक्षरं असतात आणि पुढे "आउट बाइट्स" असतं.

ज्यांनी लॅपटॉप आणले आहेत त्यांनी पुढच्या बाकांवर या. आधी प्रत्येकाचा झोन आयडी काढू, मग रूट टेबल उघडू.