रात्री टाकीत कोण फिरतं?

नमस्कार श्रोतेहो. घरात प्रवाळांची टाकी ठेवली की एक दिवस हाक येतेच, “अहो, हे काय वळवळतंय?”

आपण तर ते आणलेलं नसतं. ते येतं खडकातून. इथे न्यू जर्सीतल्या माझ्या टाकीतला खडक फ्लोरिडाजवळच्या समुद्रात वाढवलेला आहे. त्याच्या भोकाभोकांतून बिऱ्हाडं आली. (सुट्टीत मालवणला गेलात तर मात्र किनाऱ्यावरचा प्रवाळाचा तुकडाही उचलू नका. १९७२च्या वन्यजीव कायद्याने त्याला वाघाइतकंच संरक्षण आहे.)

दिवे मालवल्यावर तासाभराने टॉर्चला लाल जिलेटिन लावून बघा. लाल उजेड या जिवांना फारसा जाणवत नाही. काचेवर खसखशीएवढे ठिपके टुणटुण उडताना दिसले तर ते कोपेपॉड, माशांचा खाऊ. जवळ्यासारखा वाकडा, दोन्ही बाजूंनी चपटा असेल तो अँफिपॉड. त्यालाही राहू द्या. पण वरून दाबल्यासारखा चपटा, मोठ्या डोळ्यांचा आणि माशाला चिकटलेला दिसला, तर तो रक्त पिणारा आयसोपॉड असू शकतो. तो लगेच काढायचा.

अंगभर कुसळं असलेला गुलाबी किडा पाहून लोक घाबरतात. तो बहुधा उष्टं-खरकटं साफ करणारा असतो. फक्त उघड्या हाताने धरू नका, कुसळं बोटांत मोडून राहतात.

माझी चूक वेगळीच झाली. खडकावर नखाएवढं तपकिरी, काचेसारखं पारदर्शक फूल उमललं होतं. ते फूल नसून एप्टेशिया नावाचा, फुलासारखा दिसणारा डंख मारणारा प्राणी आहे हे कळायच्या आत मी ते सुरीने खरवडलं. तळाचे राहिलेले कण पुन्हा फुटले, आणि महिन्याभरात एकाची अकरा झाली. शेजारचं प्रवाळ त्यांच्या डंखाने आक्रसून गेलं, याचं मला आजही वाईट वाटतं. शेवटी बर्गिया नावाच्या गोगलगाई आणल्या. त्या एप्टेशियाखेरीज काहीच खात नाहीत.

तेव्हापासून आधी काचेला बाहेरून नाणं टेकवून फोटो काढतो, म्हणजे आकार कळतो. मग तो जीव काय खातो, ते दोन-चार रात्री बघतो.

सध्या काचेवर एक इवलासा तारामासा आहे. तीन पाय लांब, तीन नुसते कोंब. ही जात अंग दुभंगून वाढते, आणि उरलेले पाय नव्याने फुटतात. त्याला अजून हात लावलेला नाही. तो काचेवरचं शेवाळच खातो की प्रवाळावर चढतो, ते आज रात्रीही बघणार आहे.