संध्याकाळची उडवी, जरा जवळून

बसा बसा, पुढे या, मागे पंख्याचा आवाज फार येतो. तर विषय दिलाय संध्याकाळचं शेत, गवताच्या गंजी आणि चित्रातली शांतता. माझं म्हणणं एवढंच, की ही शांतता आपण शेतापासून किती लांब उभे आहोत त्यावर ठरते.

हा फ्रेंच चित्रकार मोने बघा. १८९०-९१ मध्ये फ्रान्समधल्या जिव्हर्नी गावी, घराशेजारच्या शेतातल्या गंजी, २५ च्या आसपास कॅनव्हास. लोक याला गवताच्या गंजी म्हणतात पण हे गुरांचं गवत नाहीच, हा न मळलेला गहू आहे! मळणीचं मशीन गावोगाव फिरत यायचं, तोपर्यंत वरून शाकारून ठेवायचा, आपल्याकडे उडवी, म्हणजे गंजच, रचतात तसाच, फक्त घराएवढा उंच. म्हणजे त्या शेतकऱ्याची वर्षाची कमाई उघड्यावर उभी आहे आणि आपण म्हणतो काय निवांत. आणि मोने तरी कुठे निवांत होता, ऊन बदललं की कॅनव्हास बदलायचा, मित्राला पत्रात लिहितो की सूर्य इतक्या लवकर बुडतो, मला गाठताच येत नाही. आपल्याकडे तर त्याहून लवकर, सूर्य जवळजवळ सरळ खाली उतरतो, चहा संपेपर्यंत काळोख. पण सावली बघा ना, काळी नाहीये, निळी-जांभळी आहे, पेंढ्यावर पिवळं ऊन असलं की सावली अशीच दिसते, उद्या बघाच.

आता हा अमेरिकन चित्रकार हीड, मला मोनेपेक्षा हा जवळचा वाटतो, कारण याचं शेत आपल्या गोव्याच्या खाजनासारखं, म्हणजे खाडीकाठच्या खाऱ्या शेतासारखं आहे. मॅसॅच्युसेट्सची खारी दलदल, खाडीचं पाणी आत-बाहेर, म्हणून गंजी लाकडी खुंटांवर रचलेल्या, भरतीचं पाणी बुडाला लागू नये म्हणून. दिवाडी-चोडण बेटांवरच्या माणसाला हे सांगायला नको. आपण मात्र पाण्याला बांध घातला, मानस, म्हणजे पाण्याचं लाकडी दार, बसवली, भरती आली की फळ्या आपोआप मिटतात, आणि आत खारं सोसणारं कोरगूट भात. आता जिथे कापणीचं मशीन उतरतं तिथे पेंढा शेतातच पसरतो, उडवी रचायला माणूस मिळत नाही ही वेगळी रड.

शेवटचं चित्र फ्रेंच चित्रकार मिलेचं, १८५७. मागे सोनेरी उन्हात गंजी, गाडी, सगळं भरलेलं, आणि पुढे तीन बाया वाकून सांडलेली कणसं वेचतायत. ऊन तिकडे, ह्यांच्या पाठीवर अगदी थोडं. लांबचा भाग कापून फ्रेम केला तर मस्त कॅलेंडर होईल, कोणाला कळणारही नाही की पुढे काय चाललंय. आणि उजवीकडे लांब तो घोड्यावरचा मुकादम दिसतो का कोणाला? थांबा, झूम करतो.