तेरा, तेरा, तेरा

(दृश्य : तराजूचं पारडं. धान्य ओतल्याचा आवाज.)

दहा... अकरा... बारा... तेरा.

पंजाबातलं सुलतानपूर लोधी. इथला सुभेदार दौलतखान लोदी, त्याच्या मोदीखान्यात, म्हणजे सरकारी धान्यकोठारात, एक तरुण धान्य मोजतोय. तेरावर येतो आणि तिथेच थांबतो. तेरा, तेरा, तेरा... पंजाबीत हा आकडा आणि ‘तुझं’ हा शब्द, दोन्ही कानाला जवळपास सारखेच. सगळं तुझंच, असं म्हणत तो मापामागून माप देत राहिला. चुगली झाली, हिशेब तपासला गेला, तर कोठारात काहीच कमी नव्हतं!

ही जनमसाखीतली, म्हणजे श्रद्धेनं लिहिलेल्या चरित्रातली कथा, तेव्हा पुरावा मागू नये. पण तो तरुण खराच होता. नानक, शिखांचे पहिले गुरू. जन्म १४६९, गाव तळवंडी, आज पाकिस्तानातलं ननकाना साहिब.

(दृश्य : काली बेईं नदी, पहाट.)

एका पहाटे नानक याच नदीवर आंघोळीला गेले आणि तीन दिवस परतलेच नाहीत. परतले तेव्हा म्हणाले, ना कोणी हिंदू, ना कोणी मुसलमान. मग नोकरी सोडली आणि गावोगाव हिंडले. सोबतीला रबाब वाजवणारा मरदाना, जन्मानं मुसलमान. ईश्वर एकच, तो निराकार, निर्भय, कुणाशी वैर नसलेला. नानक हे गात होते, मरदाना साथ करत होता.

भटकंती संपली, तेव्हा मात्र त्यांनी मठ बांधला नाही. रावीकाठी करतारपूर वसवलं आणि तिथे शेती केली. संन्यास नको, संसारात राहूनच नाम जपा, कष्टाचं खा, आणि वाटून खा. नाम जपो, किरत करो, वंड छको.

वाटून खाण्याची जागा म्हणजे लंगर. तिथे बसायची रीत, पंगत. शब्द आपलाच वाटतो ना? पण आपल्याकडे पंगतीत कुणी कुणाशेजारी बसायचं, हे जात ठरवायची. इथे पंगत मांडली ती नेमकं तेच मोडायला.

१५३९ साली नानक गेले. गादी मुलांना नाही, लहणा नावाच्या शिष्याला दिली होती. तेच गुरू अंगद. पाचवे गुरू अर्जन यांनी १६०४ मध्ये शिखांचा धर्मग्रंथ सिद्ध केला आणि दोनच वर्षांत लाहोरला मोगलांच्या कैदेत प्राण दिले. दहावे गुरू गोविंदसिंग. १६९९ च्या बैसाखीला आनंदपुरात जमलेल्या शिखांकडे त्यांनी शिर मागितलं. पाच जण उठले. त्यातला एक बिदरचा न्हावी होता. तो खालशाचा, म्हणजे दीक्षा घेतलेल्या शिखांच्या पंथाचा जन्म.

(दृश्य : नांदेड, गोदावरीचा घाट.)

१७०८. इथे, नांदेडला, गोविंदसिंगांनी देहधारी गुरूंची परंपरा थांबवली. यापुढे गुरू म्हणजे ग्रंथ. म्हणून त्याला पहाटे उठवतात, रात्री निजवतात, वर चवरी ढाळतात. बाहेरच्याला ही मूर्तिपूजाच वाटेल. शीख म्हणेल, मान शब्दाला आहे.

त्या शब्दांत कबीर आहेत, रविदास आहेत, शेख फरीद आहेत. आणि नानकांच्या शंभरेक वर्षं आधी गेलेल्या एका मराठी शिंप्याची ६१ पदं.

(दृश्य : ग्रंथ उघडतो. पान स्थिर.)

रोज पहाटे ग्रंथ कुठेही उघडतात. समोर येईल ते पद, तो त्या दिवसाचा हुकूम. कधी त्या पानावर नाव निघतं, नामदेव.