‘इन्फ्लेमेबल’ आणि आपली भीड

श्रोतेहो, नमस्कार.

परवा खंडाळ्याच्या घाटात आमच्या पुढे एक टँकर चालला होता. मागे लाल अक्षरांत ‘हायली इन्फ्लेमेबल’. भाची म्हणाली, “मामा, ‘इन्करेक्ट’ म्हणजे बरोबर नसलेलं, मग ‘इन्फ्लेमेबल’ म्हणजे न पेटणारं ना?”

तिचा तर्क चोख होता, गोची त्या शब्दातच आहे. लॅटिनमधून आलेलं इथलं ‘इन’ नकाराचं नाही. ‘इन्फ्लेमेबल’ म्हणजे पेट घेणारंच. हा गैरसमज जिवावर बेतेल म्हणून अमेरिकेतल्या अग्निसुरक्षेच्या मंडळींनी १९२० च्या दशकातच ‘फ्लेमेबल’ लिहा, असा आग्रह धरला. ब्रिटनच्या मानक संस्थेनंही १९५९ मध्ये तेच सुचवलं. आपल्या टँकरांवर मात्र जुना शब्द अजून दिसतो, आणि तो बदलायलाच हवा.

मग भाचीनं मनातलं सांगितलं. तिला नुकतीच नोकरी लागली आहे. साहेबांनी कळवलं, ‘बायवीकली’ अहवाल द्या. आठवड्यातून दोनदा, की दोन आठवड्यांतून एकदा? इंग्रजी माध्यमातली मुलं हसतील म्हणून तिनं दोन दिवस कुणाला विचारलंच नाही. कोशात पाहिलं, तर दोन्ही अर्थ दिलेले!

आपल्या ‘परवा’लाही दोन अर्थ आहेतच. पण ‘परवा आलो’, ‘परवा येईन’ म्हटलं की क्रियापद तिथल्या तिथे निकाल लावतं. ‘बायवीकली’च्या मदतीला वाक्यातलं कुणीच धावून येत नाही.

आणि ज्यांची ही मायबोली, त्यांची तरी सुटका कुठे आहे? दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिश अधिकारी एक कागद ‘टेबल’ करू म्हणाले, म्हणजे लगेच चर्चेला घेऊ. अमेरिकनांच्या लेखी ‘टेबल’ करणं म्हणजे बाजूला ठेवणं. चर्चिल यांनी लिहून ठेवलंय, की बराच वेळ कडाक्याचा वाद झाला, आणि मग कळलं, दोघांनाही तेच हवं होतं.

फ्रेंचसाठी शब्दांचे अर्थ आणि नियम ठरवणारी अकादमी १६३५ पासून आहे. इंग्रजीसाठी अशी संस्था हवी, असं लेखक जोनाथन स्विफ्ट यांनी १७१२ मध्ये सुचवलं होतं. ती कधी झालीच नाही. तेव्हा शब्द अडला, तर मान खाली घालू नका. सरळ विचारा.

भाचीनं तिसऱ्या दिवशी विचारलं. शेजारच्या टेबलावरचे दोघं जुने सहकारी एकदमच बोलले. एक म्हणाला, “आठवड्यातून दोनदा.” दुसरा म्हणाला, “पंधरा दिवसांनी.”